पूर्णविरामाचा राग

'ओके' चार-पाच तऱ्हांनी लिहिता येतं आणि प्रत्येक तऱ्हेचा मतलब निराळा असतो, हे मला माझ्या भाचीने सोळाव्या वर्षी शिकवलं. सोळावं वर्ष तिचं. माझं केव्हाच सरलं. नुसतं 'ओके' म्हणजे कळलं. 'ओक्के' म्हणजे कळलं आणि आवडलंही. 'ओकेएएए' म्हणजे तू काहीतरी विचित्र सांगितलंस, पण असू दे. 'के' म्हणजे बोलणं संपलं, बहुधा मैत्रीही. आणि या उतरंडीच्या अगदी तळाला, 'के'च्याही खाली, असतं ते 'ओके' आणि त्याच्यापुढे पूर्णविराम.

"आत्या, तू प्रत्येक वाक्याला फुलस्टॉप देतेस ना," ती म्हणाली, "मला आधी वाटायचं, तू माझ्यावर कायम चिडलेलीच असतेस."

आता माझा धंदाच तो. मी मुद्रितशोधक. प्रुफं तपासण्यात जन्म गेला. पूर्णविराम नसलेलं वाक्य मला वाहत्या नळासारखं दिसतं. उठून बंद केल्याशिवाय चैन पडत नाही. त्या इवल्याशा टिंबात एवढा संताप भरलेला असतो याची मला गंधवार्ता नव्हती. बरं, हे तिचं एकटीचं खूळ म्हणावं तर तसंही नाही. अमेरिकेत बिंगहॅमटन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ च्या सुमारास विद्यार्थ्यांना मेसेजमधली एकशब्दी उत्तरं दाखवली, काही टिंबासह आणि काही टिंबाविना. टिंब असलेली उत्तरं मुलांना कमी मनापासूनची वाटली. तीच उत्तरं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवली, तेव्हा मात्र काहीच फरक पडला नाही. म्हणजे कागदावरचा पूर्णविराम निरागस आणि पडद्यावरचा खुनशी.

मी भाचीला सुनावणार होते, की अगं, पूर्णविरामाशिवाय भाषा कशी चालेल? तेवढ्यात मेजर कँडी आठवले. थॉमस कँडी हे इंग्रज गृहस्थ. मोल्सवर्थच्या कोशाला मदत करणारे, १८४७ साली इंग्रजी-मराठी कोश पुरा करणारे. आपल्या छापील मराठीत ही विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय त्यांच्याकडे जातं. त्याआधी पोथीत श्लोकाला दंड असत, पण गद्याचं काय? पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधून ठेवलेली मोडी पत्रं पाहा. आधी ओळीची रेघ ओढायची आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचं. शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ठरवायचं. ह्रस्व-दीर्घाचा भेदभाव नाही. स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही, पूर्णविराम तर नाहीच. एवढ्यावर आपल्या लोकांनी अटकेपर्यंतचा कारभार केला. ज्या टिंबासाठी मी लाल पेन झिजवलं, ते मराठीच्या घरी येऊन दोनशे वर्षंही झालेली नाहीत. भाचीला सुनावायचं मग राहूनच गेलं.

हे सगळं एवढ्या बारकाईने पाहायचं कारण घरचंच होतं. आईचा अमृतमहोत्सव आला. आई कोल्हापूरला थोरल्या भावाकडे असते. समारंभाला एक छोटी स्मरणिका काढायची ठरली आणि तिच्यात नातवंडांनी आजीला वेळोवेळी पाठवलेले मेसेज छापावेत अशी टूम निघाली. निवडायचे, देवनागरीत आणायचे आणि 'जरा शुद्ध करून' द्यायचे, हे काम ओघानेच माझ्याकडे आलं. घरात एक मुद्रितशोधक असली की तिला विचारायची पद्धत नसते.

मी मनाची तयारी करून बसले होते, की सगळीकडे 'ग्रेट'च्या जागी जी-आर-आठ, 'यू'च्या जागी नुसतं यू अक्षर, स्वर सगळे गाळलेले, असा कचरा निघणार. निघाला तसा, पण तो मुलांच्या खात्यावर नव्हता, त्यांच्या बापांच्या होता. 'एच-बी-डी आई' हा माझ्या धाकट्या भावाने जन्मदात्रीला पाठवलेला संपूर्ण संदेश आहे. पोरं लांबलचक लिहितात, सुट्टं सुट्टं लिहितात, पण शब्दांचे हातपाय तोडत नाहीत.

कारण सरळ आहे. भावाची पिढी एसेमेसवर वाढली. जगातला पहिला एसेमेस ३ डिसेंबर १९९२ ला गेला, नाताळच्या शुभेच्छांचा. पण त्याची १६० अक्षरांची मर्यादा आधीच ठरली होती. फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्याने १९८५ मध्ये टाइपरायटरवर वेगवेगळी वाक्यं ठोकून अक्षरं मोजली आणि माणसाला म्हणायचं असतं ते एवढ्यात मावतं असं ठरवून टाकलं. जर्मन माणसाचं ठीक आहे. देवनागरीत लिहिलं की ही मर्यादा थेट सत्तरवर येई, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळे वेगवेगळे मोजले जात. 'शुभेच्छा' आपल्या डोळ्याला तीन अक्षरं, यंत्राला आठ. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' एवढं म्हणेस्तोवर सत्तरातली एकोणतीस संपलेली. उरलेल्यात 'तीर्थस्वरूप' कुठे बसवायचं? त्यात ते बटणांचे फोन. इंग्रजी 'एस' उमटवायला सातचं बटण चारदा दाबायचं. दिवाळीला आणि एकतीस डिसेंबरला स्वस्त पॅक चालत नसत, प्रत्येक मेसेजचे पूर्ण पैसे पडत. म्हणून हुशार लोक शुभेच्छा आदल्या दिवशीच उरकून घेत. २०११ मध्ये तर ट्राय या दूरसंचार नियामकाने दिवसाला शंभर एसेमेसचं रेशनच लावलं, ते पुढे दोनशे झालं. रोख जाहिरातवाल्यांवर होता, पण कॉलेजातल्या प्रेमिकांची त्यात फरफट झाली. अशा काळात वाढलेला माणूस आजही पैसे मोजल्यासारखंच लिहितो. भाचीने एकदा काळजीने विचारलं होतं, "पप्पा असं का लिहितात गं? त्यांना एवढी कसली घाई असते?"

तेव्हा तोडमोड करण्याचा प्रश्न निकालात निघाला. खरी मेहनत होती ती देवनागरीत आणण्याची. निम्मे मेसेज इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. ते वाचायला भाषा यावी लागते हे खरंच, पण त्याहून जास्त घरची माहिती असावी लागते. के-ए-एल हे 'काल' असेल, 'काळ' असेल, 'कळ' असेल. वहिनीने लेकाला एकदा डी-ए-एल-ए-एन असं लिहून पाठवलं तो प्रसंग आमच्याकडे गाजलेला आहे. पोरगा बाहेर होता. त्याने ते 'डाळ आण' असं वाचलं आणि इमानेइतबारे किलोभर तूरडाळ आणली. गव्हाचं दळण गिरणीतच राहिलं, गिरणीवाला शटर ओढून निघून गेला, आणि त्या रात्री सगळ्यांनी आमटी-भात खाल्ला. लक्षात घ्या, लिहिणारी आई होती, मुलगा नव्हे. आणि मी सगळे मेसेज तपासल्यावर सांगते, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिण्याची खोड पोरांइतकीच चाळिशीच्या पुढच्यांनाही आहे. फक्त नावं पोरांची निघतात.

ळ ची मात्र मला मनापासून धास्ती वाटते. तोंडात तो अजून शाबूत आहे. पडद्यावर एल होऊन निमूट ल च्या मांडीला मांडी लावून बसतो. ण चं तेच. जे अक्षर वर्षानुवर्षं कुणी लिहीत नाही ते जिभेवर किती दिवस टिकतं, याचा हिशेब मला बरा वाटत नाही.

एक गोष्ट मात्र काम करता करता माझ्या ध्यानात आली आणि मी पेन खाली ठेवून थोडा वेळ तिची मजा घेत बसले. ही मुलं इंग्रजी शब्द पोत्याने वापरतात, पण त्यांना जोडलेली क्रियापदं पाहा. स्टेटस 'ठेवतात'. स्टोरी 'टाकतात'. स्क्रीनशॉट 'मारतात'. रिप्लाय 'देतात'. मेसेज पाहून उत्तर दिलं नाही तर 'सीन करून सोडलं'. ग्रुपमधून बाहेर पडलेला माणूस 'लेफ्ट झाला', जसा एखादा पास झाला किंवा नापास झाला. कोणत्या शब्दाला कोणतं क्रियापद, हे कुठल्याही व्याकरणात नाही, कुठल्या बाईंनी फळ्यावर लिहून दिलेलं नाही. तरी ठाण्याची पोरगी आणि नागपूरचा पोरगा दोघंही स्टेटस ठेवतातच, टाकत नाहीत. टाकली ती स्टोरी. यात चूक करणारा फक्त त्यांचा मामा.

आता 'शुद्ध करून द्या'कडे येते. थोरल्या भावाचा मुलगा लातूरला असतो, डॉक्टर व्हायच्या परीक्षेच्या क्लासला. तिथल्या हॉस्टेलातून त्याने आजीला पाठवलेला मेसेज असा. एक मेसेज कसला, चार:

आज्जी
लय भूक लागल्या
मेसची आमटी म्हणजे नुसतं पाणी
तुझा तांबडा रस्सा पाहिजे बघ

चार ओळी, चार वेळा टिंग. पूर्णविराम एकही नाही. ओळ तोडली की वाक्य संपलं. बहिणीचा मुलगा नागपूरचा. त्याचं दुसरंच:

आजी फोन काऊन नाही उचलून राहिली तू
मी कधीचा लावून राहिलो

मी सवयीने लाल पेन उचललं. 'आजी, तू फोन का उचलत नाहीस? मी केव्हापासून प्रयत्न करत आहे.' झालं शुद्ध. ह्रस्व-दीर्घ जागच्या जागी, प्रश्नचिन्ह हजर, पूर्णविराम ठळक. आणि वाचून बघितलं तर वाटलं, आईने कर्ज थकवलंय आणि बँकेच्या वसुली खात्यातून तिला विचारणा झाली आहे.

तेव्हा मला जरा थांबावं लागलं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. ते मला झोपेत विचारले तरी सांगता येतील. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही, त्यांनीच मला पोसलं. पण शाळेच्या वहीत 'लय' लिहिलं की त्याच्याखाली लाल रेघ आणि वर 'फार', हे करत करत आपण कोल्हापूरच्या पोराला आणि नागपूरच्या पोराला एकसारखं लिहायला शिकवलं. बोलायचं घरच्यासारखं आणि लिहायचं परीक्षकासारखं. लेवा गणबोलीतली बहिणाबाईंची गाणी लेकाने, सोपानदेवांनी, जपली, ती आचार्य अत्र्यांच्या कानी पडली, तेव्हा कुठे १९५२ ला पुस्तक झालं. गावची बोली छापखान्यापर्यंत न्यायला खुद्द अत्रे लागायचे. आणि आता बघा, हजारो पोरं दिवसभर आपापली बोली लिहीत बसलेली आहेत. कुणी काऊन, कुणी कशापायी, कुणी मालवणीतलं खंय. ना कुणाची परवानगी, ना प्रस्तावना. लिखाण म्हणजे वर्गात जाऊन बसणं, हे त्यांच्या डोक्यातून गेलेलं आहे. ही तोंडाची भाषा बोटांत उतरलेली मला माझ्या आयुष्यात प्रथमच एवढ्या ढिगाने दिसली, आणि तिच्यात मी 'आहे' घुसवत बसले होते.

बरं, याच नागपूरकराने दहावीच्या सरावाला लिहिलेलं मागणीपत्र त्याच्या आईने मला तपासायला पाठवलं होतं. 'माननीय महोदय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत इस्त्रीचं. 'राहिलो' औषधालाही नाही. कुठे कोणते कपडे घालायचे हे त्याला पक्कं माहीत आहे. भाचीने तर एकदा माझ्यासमोर तीन खिडक्यांत तीन मेसेज लिहिले. क्लासच्या सरांना: 'गुड इव्हिनिंग सर, उद्या टेस्ट आहे का?' मैत्रिणीला त्याच चाचणीबद्दल असं काहीतरी, जे मी इथे छापू शकत नाही. आणि आजीला: 'हो गं जेवले'. तिन्हींना मिळून मिनिटसुद्धा लागलं नाही. बोटं तीच, पण प्रत्येक खिडकीत मुलगी वेगळी. हे ज्याला जमतं त्याची भाषा बिघडली म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ब्रिटनमधल्या डेव्हिड क्रिस्टल या भाषाशास्त्रज्ञाने २००८ मध्ये एसेमेसच्या भाषेवर अख्खं पुस्तक लिहून हेच सांगितलं होतं, की अक्षरं गाळायची तर आधी ती यावी लागतात.

स्मरणिकेत आईची जुनी पत्रंही घ्यायची होती. ट्रंकेतून अंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा निघाला. लग्नानंतर तिने माहेरी लिहिलेली. सुरुवातीलाच 'ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.' भाचीने ते निळं पत्र उजेडात धरून पाहिलं आणि विचारलं, "हा पासवर्ड आहे का?"

शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष, मी सांगितलं. वडील असले तर तीर्थरूप, वडिलांसारखे असले तर तीर्थस्वरूप, धाकट्याला चि. आणि अ. आ., शेवटी राहिलेली खरी बातमी ता. क. म्हणून. तिने ते सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे आजी हे टाइप करत नव्हती, तरी शॉर्टफॉर्म?" हो. "आणि चुकून काकांना तीर्थरूप लिहिलं तर?" तर घरात बोलणी बसत. "मग बरोबर आहे," ती म्हणाली, "फुलस्टॉपसारखंच." मला वाटतं, तिला माझ्यापेक्षा लवकर कळलं.

कौतुक पुरे, एक तक्रार नोंदवून ठेवते. ही मुलं फोनवर बोलत नाहीत. मी फोन केला की उचलत नाहीत, वाजायचा थांबला की लगेच मेसेज: 'काय झालं?' काही झालेलं नसतं. नुसतं बोलायचं असतं. त्यांच्या मते न सांगता फोन करणं म्हणजे दार न वाजवता आत शिरणं. आमच्या आईच्या घराला दिवसा कडीच नसायची, हे त्यांना कसं सांगायचं? मेसेज करून?

आणि तो कवटीचा मामला. आईचा नऊवारीतला फोटो ग्रुपवर पडला, गॉगल घातलेला, पन्हाळ्यावरचा. त्याखाली भाचीने मेलेल्या माणसाच्या डोक्याची कवटी पाठवली. आईने थोरल्याला हाक मारली, "अरे, हे स्मशानातलं काय पाठवलंय पोरीने?" मग खुलासा झाला, की हसून हसून मेले असा त्याचा भाव. हसता हसता डोळ्यांतून पाणी येणारं जे पिवळं तोंड, ज्याला ऑक्सफर्ड कोशाने २०१५ चा 'वर्षाचा शब्द' म्हणून मान दिला होता, ते आता फक्त म्हातारे वापरतात. म्हातारे म्हणजे पंचविशीच्या पुढचे. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग सरळ हसायला काय होतं?" पण फोटोखालची कवटी काढायला सांगितली नाही.

मजकूर अखेर कोल्हापुरातल्या एका छापखान्याकडे गेला. मी 'लय' ठेवला, 'काऊन' ठेवला, ओळी तुटल्या होत्या तिथे तुटू दिल्या. पूर्णविराम मेसेजांना नाहीत, पत्रांना आहेत. पाठवताना हात थरथरला, पण पाठवलं. दोन दिवसांनी डीटीपीवाल्याचा फोन.

"मॅडम, ते 'भूक लागल्या' चुकलं हुतं. मी 'लागली आहे' करून टाकलंय बघा. आणि फुलस्टॉप कुठंच नव्हते, ते समदे दिलेत."

"अहो, ते तसंच हवंय. होतं तसं करा परत."

"चुकीचं छापायचं?"

"चुकीचं छापायचं."

पलीकडे बराच वेळ शांतता. इतक्या वर्षांत मुद्रितशोधकाकडून असलं काही त्याने ऐकलं नसणार. मग म्हणाला, "बरं, तुमची जबाबदारी. आन् फोटोखाली ती कवटी हाय, ती आमच्या फॉण्टात न्हाई. कलश हाय, समई हाय, गुलाब हाय. अमृतमहोत्सवाला समई बरी दिसंल."

हा निर्णय काही माझा नव्हे. मी ग्रुपवर विचारलं, नीट, सवयीप्रमाणे विरामचिन्हांसह: 'कवटीच्या जागी समई चालेल का? कृपया लवकर कळवा.'

टिंग. नागपूरहून कवटी. टिंग, टिंग. लातूरहून दोन. ठाण्याहून भाचीच्या ओळभर कवट्या. सर्वांत शेवटी, बहुधा योग्य चित्र शोधायला चष्मा लावावा लागला म्हणून थोड्या उशिराने, एक आईची.